पायाबाईंची जमीन

समोर सगळे त्यांना 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'पायाबाई'. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. विद्यार्थ्यानं तोंड उघडून एखादं वाक्य टाकलं रे टाकलं, की बाईंचा प्रश्न ठरलेला: "हे कशावर उभं आहे?" बिचारा काहीतरी सांगायचा. "बरं. मग ते कशावर उभं आहे?" असं एकेक पायरी उतरता उतरता तास संपायचा, पण तळ काही लागायचा नाही. "ज्या घराला पाया नाही, त्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. स्टाफरूममध्ये म्हणायचे, बाईंना चहाला बोलवायचं असेल तर आधी कप असल्याचा पुरावा तयार ठेवा.

बाईंना याचं वाईट वाटत नसे. उलट आतल्या आत सुखावायच्याच. कारण हे सगळं त्या गंमत म्हणून करत नव्हत्या. त्यांना मनापासून वाटायचं, की विचाराच्या तळाशी एक तरी गोष्ट अशी सापडली पाहिजे, जी कुणाच्या बापाला हलवता येणार नाही. ती सापडत नाही तोवर वरचं सगळं बांधकाम उसनं.

घरी एकट्याच राहायच्या. समोर, रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण, ताई, आणि ताईची मुलगी. आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईनं लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं आणि धाकटीला शिकवलं. उभा जन्म ताईनं अक्षरशः उभ्यानं काढला. तत्त्वज्ञानातलं तिला ओ की ठो कळायचं नाही आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. "शर्टाला बाह्या दोन असतात, हे कशावर उभं आहे ते आम्ही विचारत बसलो असतो ना, तर गिऱ्हाईक उघडंच परत गेलं असतं," असं म्हणायची. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. आपली धाकटी पोकळ शब्द देत नाही. एकदा ताईनं नवीन कपडे घालून विचारलं, "कशी दिसते गं?" तर धाकटी म्हणाली, "कुणाच्या तुलनेत?" ताई आठवडाभर बोलली नाही, पण तेव्हापासून खरं काय ते ऐकायचं असलं की तिलाच विचारायची.

तर अशा या बाईंची जमीन हलली. आपण उठसूट म्हणतो, पायाखालची जमीन सरकली. बाईंची खरंच सरकली, आणि तीही भर वर्गात. "आपण आत्ता कशावर तरी उभे आहोत, हे तरी कशावरून?" असं फळ्यावर लिहून त्या वळल्या आणि अख्खा वर्ग उचलून कुणीतरी गरगर फिरवला. बाकं उजवीकडे धावली, खिडक्या त्यांच्या मागे धावल्या, आणि बाई डस्टरसकट खाली. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. पोरांना वाटलं, बाई प्रात्यक्षिक दाखवतायत! बाईंना ओकारी झाली तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत, अगदी खोल, तोल सांभाळणारा एक भाग असतो. तुमच्या डाव्या कानातल्या त्या भागाची नस सुजून निकामी झाली आहे. सूज उतरेल, नस बहुतेक परत येणार नाही. पण घाबरू नका, मेंदू हळूहळू शिकेल. "कशावरून?" बाईंनी पडल्या पडल्या विचारलं. "बहुतेकांचा शिकतो," डॉक्टर म्हणाले. बहुतेकांचा! आयुष्यभर ज्या शब्दाखाली बाईंनी लाल रेघ मारली, तोच शब्द औषध म्हणून पदरात पडला.

घरी आल्यावर पहिले काही दिवस बाईंनी डोकं दोन उशांमध्ये घट्ट बसवून काढले. मान जराशी वळली तरी छत वाहायला लागायचं. डोळे मिटले तर पलंग उलटायचा, उघडले तर भिंती. संडासला जायचं म्हणजे भिंतीला पाठ लावून, एकेक फरशी चाचपत, जीव मुठीत धरून. पाय फरशीवर टेकलेला दिसायचा, पण खाली फरशी आहे असं वाटायचंच नाही. ओल्या गादीवरून चालल्यासारखं लागायचं.

पण खरी भीती त्याहून वाईट होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. पुस्तक हातात घेतलं की ओळी घसरायच्या, आणि ओळींबरोबर विचारही घसरायचा. एक वाक्य मनात धरून दुसऱ्यावर जावं, तर पहिलं कुठे गेलं पत्ता नाही. आपलं डोकं गेलं, बाईंना वाटलं. वेड लागतंय. आणि मग त्याच्याही खालचा विचार आला, तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला. इतकी वर्षं सगळ्यांना विचारलं, कशावर उभे आहात. आपण स्वतः कशावर उभ्या होतो? कानातल्या एवढ्याशा नसेवर! ती आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं. ती गेली आणि सगळं गेलं. मग उद्या आणखी काय काय जाईल? बाई उशीत तोंड खुपसून रडल्या. साठीला टेकलेली बाई, लहान मुलीसारखी रडली, आणि रडताना डोकं हललं म्हणून पुन्हा खोली फिरली.

डॉक्टरांनी व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी पाठवली. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं कसरतवाली. खांद्याला पिशवी, काखेत फोमचा जाड चौकोन, आणि तोंडाला खळ नाही. आली तशी तिनं तो फोम जमिनीवर टाकला आणि म्हणाली, "चला बाई, यावर उभ्या राहा. आणि डोळे मिटा."

"मला साध्या जमिनीवर उभं राहता येत नाहीये."

"म्हणूनच तर. चक्कर येऊ दे. आली की मेंदूला कळतं, कुठे चुकतंय ते. नाही आली तर कळणार कसं?"

"आणि पडले तर?"

"मी आहे ना धरायला."

"धरशील याची खात्री?"

मुलगी प्रामाणिक निघाली, हेच चुकलं. "तशी खात्री नाही हो," म्हणाली, "काल एक आजोबा निसटले माझ्या हातून. पण सोफ्यावर पडले, काही झालं नाही."

झालं! बाईंनी तिला त्या दिवशी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही पाठवलं. म्हणाल्या, आधी चक्कर थांबू दे, डोकं स्थिर होऊ दे, मग व्यायाम. आधी पाया, मग बांधकाम. दुसऱ्या कुणाही रोग्यानं कंटाळून का होईना, थोडी हालचाल केली असती. बाईंनी तत्त्व म्हणून केली नाही. मान हलवायची नाही म्हणजे नाही. भिंतीपासून हात काढायचा नाही म्हणजे नाही. कसरतवाली दारातून ओरडायची, "अहो, जितक्या पडून राहाल तितकी चक्कर मुक्काम ठोकेल!" आणि बाई आतून ओरडायच्या, "हे वर्तुळ झालं! चक्कर गेल्याशिवाय हलता येत नाही आणि हलल्याशिवाय चक्कर जात नाही. या वर्तुळात शिरायचं कुठून ते सांग!"

"कुठूनही शिरा!" ती म्हणायची आणि जिना उतरून जायची.

एवढ्यात ताई पडली. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई घातली, ताई घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं, हाड आता वजन पेलेल, फक्त हिला उभी करा. लवकर उभी राहिली तर चालेल, नाही राहिली तर पाय आखडतील, छातीत कफ भरेल आणि मग ही पलंगावरून उठायची नाही. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. ताईलाही कळलं.

पण ताई उठेना. झालं होतं असं, की दवाखान्यात पहिल्यांदा उभं करताना नर्स म्हणाली होती, "आजी, काही होत नाही, घाबरू नका," आणि त्याच क्षणी वॉकरचा पाय ओल्या फरशीवर सरकला. ताई पडली नाही, लोकांनी वरच्या वर झेलली. पण दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता कुणीही 'काही होत नाही' म्हटलं की ताई पलंगाची कड घट्ट धरायची आणि भिंतीकडे तोंड करायची. शेवटी लेकीला म्हणाली, "धाकटीला बोलव. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली ना, की तू पडणार नाहीस, तर उठेन. तुम्हा सगळ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही."

भाचीनं फोन लावून दिला. इकडे बाई पलंगावर, तिकडे ताई पलंगावर, मध्ये एक रस्ता.

"येत का नाहीस?" ताईनं विचारलं.

"ताई, मला उभं राहता येत नाही गं. जमीन हलते."

"जमीन हलते! नाचता येईना, अंगण वाकडं," ताई म्हणाली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मग थांबून, अगदी हळू, "मला भीती वाटते गं धाकटे." ताईच्या तोंडून हे वाक्य बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. इस्त्रीनं हात भाजला तेव्हा नाही, आई गेली तेव्हाही नाही. फोनवरच 'तू पडणार नाहीस' म्हणून टाकावं असं जिभेवर आलं, आणि जीभ वळेना. कारण ते खरं आहे हे कशावरून? आणि खोटं बोलल्या तर ताईला कळेल. कळेलच.

दुसऱ्या दिवशी कसरतवाली आली तेव्हा बाई पलंगाच्या कडेला बसून होत्या. चेहरा पांढराफटक. "टाक तुझा तो फोम," म्हणाल्या.

काय सांगू, ते दिवस बाईंनी कसे काढले! फोमवर पाय ठेवला की गुडघे लटलटायचे. डोळे मिटले की अंधारात सगळं एका बाजूला कलंडायचं, आणि बाई "धर, धर, धर" करत त्या मुलीच्या मनगटाला नखं रुतवायच्या. मान उजवीकडे, मान डावीकडे, भिंतीवरच्या एका खुणेवर नजर ठेवून. रोज ओकाऱ्या. रोज तीच भीती. अमुक दिवशी ती गेली असं काही झालं नाही. एकदा त्या खरंच पडल्या, टेबलाचा कोपरा लागून कपाळावर टेंगूळ आलं. कसरतवालीचे डोळे भरून आले. बाईच तिला म्हणाल्या, "रडू नकोस, तू खात्री दिली नव्हतीस."

पण मधल्या विश्रांतीत, भिंतीला टेकून धापा टाकताना, त्यांचं जुनं डोकं पुन्हा चालायला लागलं. त्यांनी स्वतःलाच विचारलं, मी आत्ता जी थोडी उभी राहिले, ती कशावर? डावा कान मेलेला. उजवा एकटाच बोंबलतोय, त्याचं अर्धं खोटं. डोळे फसवतात, कधीचे फसवतायत. तळव्यांना फोम लागतो, ते काय सांगणार कप्पाळ! एकही साक्षीदार धड नाही. पण हे सगळे एकमेकांना टोकतात, एकाचं दुसरा दुरुस्त करतो, आणि त्या भांडणात कुठेतरी मी उभी राहते. तळाशी काही नाही. बाईंना हे मुळीच आवडलं नाही. इतक्या वर्षांची व्याख्यानं पाण्यात गेली असं वाटलं. आणि मग दुसरी भीती: पाया नसला तर मग काय, कुणीही काहीही म्हणावं आणि ते चालवून घ्यावं? तेव्हा हात आपोआप कपाळावरच्या टेंगळाकडे गेला. नाही. फोमवर काहीही चालत नाही. चुकलात तर पडता, आणि लागतं.

हे त्यांनी कसरतवालीला सांगितलं. ती म्हणाली, "मला काही समजलं नाही बाई, पण परवा आपण दोघी मिळून रस्ता ओलांडू."

परवा आलाच नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी भाचीचा फोन आला. रडत होती. "मावशी, आईनं वॉकर काढून टाकायला सांगितलाय. म्हणते, ज्याला लागेल त्याला देऊन टाका, माझं झालं. कालपासून जेवली नाही. मला तिला सोडून तुला न्यायला येता येत नाही गं. मी काय करू?"

"मी येते," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

जिना उतरल्या त्या बसून, एकेक पायरी घसरत, दोन्ही हातांनी कठडा धरून. फाटकाशी आल्या. समोर रस्ता. या खिडकीतून त्या खिडकीत हाक ऐकू जाईल एवढाच रस्ता, पण बाईंना तो पूर आलेल्या नदीसारखा दिसला. गाड्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक गाडीबरोबर बाईंचं डोकं वाहून जायचं. कसरतवालीनं शिकवलं होतं: समोरची एक स्थिर वस्तू धरा, नजर तिथून हलवू नका. पलीकडे औषधाच्या दुकानाची पिवळी पाटी होती. बाईंनी ती धरली. पाऊल टाकलं. रस्ता मऊ लागला. दुसरं टाकलं. कुणीतरी हॉर्न वाजवला. एक स्कूटरवाला बाजूनं जाताना म्हणाला, "काय आजी, दिवसाढवळ्या?"

"अजून नाही घेतली!" बाई ओरडल्या, नजर पाटीवर.

रस्त्याच्या मधोमध आल्या, आणि एक टेम्पो येऊन बरोबर त्या पाटीसमोर उभा राहिला.

पाटी गेली. धरायला काही उरलं नाही. टेम्पो थरथरत होता, टेम्पोच्या मागची इमारत थरथरत होती, आकाश एका अंगाला कलत होतं. बाई जागच्या जागी थिजल्या. मागे जावं तर मागे वळायला हवं, आणि वळलं की पडणार. इथेच खाली बसावं, डोकं दोन हातांत धरावं, कुणीतरी येईल, उचलेल, घरी नेऊन पलंगावर ठेवेल. गुडघे वाकायलाही लागले होते. 'मी मरणार,' बाईंना स्पष्ट वाटलं, 'आणि ताईही.'

तेवढ्यात त्यांच्या बाजूनं एक बाई चालत गेली, हातात लाल पिशवी, चालीबरोबर झुलणारी. स्थिर बिलकूल नाही. बाईंनी ती पिशवी धरली, म्हणजे नजरेनं. पिशवी उजवीकडे गेली की त्या उजवीकडे कलायच्या, डावीकडे गेली की डावीकडे. पिशवी फुटपाथवर चढून कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तेव्हा बाईंच्या हाताला टेम्पोचा तापलेला पत्रा लागला होता. मग टेम्पो, मग विजेचा खांब, मग एका अनोळखी माणसाचा खांदा. तो दचकला. बाई "माफ करा" म्हणाल्या आणि त्यांनी पलीकडच्या फाटकाचा गज जाऊन धरला. अंगावरचे कपडे घामानं चिंब झाले होते.

ताईच्या इमारतीचा जिना त्या रांगत चढल्या. हो, रांगतच. लाज वगैरे खालीच राहिली.

भाचीनं दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. बाई भिंतीभिंतीनं आतल्या खोलीत गेल्या. ताई पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. केवढीशी झाली होती! हयातभर ज्या पायांवर उभी राहिली, ते पाय चादरीखाली दोन काठ्यांसारखे दिसत होते. वॉकर दाराआड ठेवला होता. भाचीनं तो आणला.

ताईनं मान वळवली. धाकटीकडे पाहिलं. कपाळावरचं टेंगूळ, खरचटलेले गुडघे, भिंतीवर रुतलेली बोटं. "एकटी आलीस?"

"हो."

"अशी?"

"अशीच."

"पडली असतीस म्हणजे?"

"पडले असते," बाई म्हणाल्या. "मधोमध तर पडलेच होते जवळजवळ. ताई, मी येताना इतकी घाबरले होते, की मला वाटलं मी मेले."

ताईनं कोपरावर रेटा देऊन डोकं जरा उचललं. मग म्हणाली, "सांग मग. मी पडणार नाही ना?" लहान मुलीसारखी बघत होती. दारात भाची हात जोडून खुणा करत होती, म्हण गं मावशी, एकदाच म्हण.

एवढंच एक वाक्य. ते म्हटलं तर ताई उठेल कदाचित. पण उठताना जर गुडघा लचकला, तर मग या जगात ताईला विश्वास ठेवायला कुणीही उरणार नाही.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पडशील कदाचित. मी धरीन, पण माझाच तोल नाही, तेव्हा तुझ्याबरोबर मीही पडेन. खात्री कशाचीच नाही, ताई. मी खूप शोधली. नाहीये."

भाचीनं डोळे मिटून घेतले. बाईंना वाटलं, संपलं, मीच मारली हिला.

मग चादर सरकल्याचा आवाज आला. ताईनं एक पाय खाली सोडला, मग हातानं उचलून दुसरा. "हं," म्हणाली, "हे पहिलं धड बोलणं ऐकलं इतक्या दिवसांत. ये इकडे."

एका बाजूनं वॉकर आणि भाची, दुसऱ्या बाजूनं बाई. बाईंनी भिंतीवरचा हात काढला. खोली लगेच कलंडली. ताईचा हात त्यांच्या दंडाला आला, त्यांचा हात ताईच्या कमरेला, आणि कोण कुणाला धरतंय ते कळेना. ताई उठली. अर्धी उठली, थांबली, कण्हली, आणि उभी राहिली. दोघी पानासारख्या थरथरत होत्या. ताईचा श्वास बाईंच्या कानाशी येत होता, बंद पडलेल्या कानाशी.

"धाकटे," ताई घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "जमीन हलतेय गं!"

"माझी रोजच हलते. टाक पाऊल."

ताईनं टाकलं.